दहा लिटरचं खोकं

स्पीकरचं खोकं लिटरमध्ये मोजतात हे मी सुताराला सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला रंधा बाजूला ठेवला. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्याचं दुकान आहे आणि माझ्याकडे तो नेहमी जरा काळजीनं बघतो.

"दस लिटर?" तो म्हणाला. "क्या रखनेका है साहब इसमें, दूध?"

"हवा," मी म्हणालो.

मग मी त्याला सगळं समजावलं. शहागंजच्या जुन्या बाजारात मला सहा इंची स्पीकर मिळाला होता, नुसताच, खोक्याशिवायचा. असा उघडा स्पीकर वाजवला तर ढोलकीसुद्धा पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येते. त्याला मापाचं खोकं लागतं आणि खोक्याला मागून एक पाइप. आतली हवा त्या पाइपातून ये-जा करते आणि खर्ज भरून येतो. मात्र खोकं नेमकं हवं. लहान झालं तर आवाज कोंडतो, मोठं झालं तर ढिला पडतो. इंटरनेटवरच्या गणितानं माझ्या स्पीकरला दहा लिटर सांगितले होते.

"आगे छेद, पीछे छेद," सुतार म्हणाला, "फिर दस लिटर रुकेंगा कैसा?" पण खोकं त्यानं करून दिलं.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक कोपरा रिकामा आहे. माझ्या मते तो स्पीकरसाठीच बांधलेला आहे, बायकोच्या मते ज्वारीच्या कोठीसाठी. त्यातच देवगाव रंगारीहून सासूबाई राहायला आल्या, सोबत ज्वारीचं पोतं घेऊन. बायकोनं निकाल जाहीर केला, "आई गावी जायच्या आत ते खोकं नीट वाजलं तर कोपरा तुमचा. नाही तर तिथं कोठी." मला तो कोपरा फार हवा होता. घरात माझी म्हणावी अशी जागा म्हणजे चप्पल स्टँडचा खालचा कप्पा.

खोकं आलं, पण त्याच्या पोटात सुतारानं कोपऱ्याकोपऱ्यांत पट्ट्या ठोकलेल्या आणि मधूनच पाइप आलेला. लांबी-रुंदीच्या गुणाकारानं आतली जागा काही कळेना. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, अंदाजपंचे काम मला चालत नाही. पाणी ओतून मोजावं तर प्लायवुड फुगणार.

"ज्वारी भरून बघा की, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "माझी अधोली हाय सोबत."

अधोली म्हणजे अर्ध्या पायलीचं माप. शहरातल्या मापांवर सासूबाईंचा विश्वास नाही, म्हणून त्या आपली पितळी अधोली घेऊनच हिंडतात. मी ती पाण्यानं तपासली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली तिच्यात बरोबर मावली. म्हणजे खोक्यात पाच अधोल्या ज्वारी बसली की मी जिंकलो.

खोकं दोन पाटांवर पाठीवर निजवलं. पाइपाच्या आतल्या तोंडाला चिकटपट्टी लावली, पण माझा तिच्यावर भरवसा नव्हता. म्हणून मी खाली फरशीवर आडवा होऊन बाहेरून पाइपाला तळवा दाबून धरला. मला पाटाशिवाय काही दिसत नव्हतं. वरून ज्वारी पडल्याचा आवाज आणि सासूबाईंचा संथ सूर तेवढा येत होता.

"लाभ... दोन... तीन... चार... पाच. झालं, काठोकाठ."

 त्यांनी एक म्हटलंच नव्हतं. लाभ हे काहीतरी देवाचं नाव घ्यावं तसं असणार, आमच्या घरी धान्य किलोनं पिशवीतून यायचं, मला काय माहीत. पण दोनपासून मोजायला लागून पाचवर थांबलं तर मापं चारच होतात, हे मला कंपनीनं शिकवलं होतं. आता सासूबाईंची मोजणी चुकली हे जावयानं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी मनातल्या मनात गुपचूप एक वजा केला. म्हणजे खोकं आठच लिटरचं होतं, दोन लिटर कमी. ते रिकामं करून मी पुन्हा सुताराकडे गेलो. त्यानं मागची फळी काढली, मध्ये पट्ट्यांची चौकट घातली आणि खोकं मागं दोन लिटरनं वाढवलं.

"दूध बढ गया क्या?" एवढंच त्यानं विचारलं.

स्पीकर बसवून वाजवला. ढोलकीच्या जागी कुणीतरी गच्चीवर गादी झोडपत होतं. शिवाय खोक्यात मागं राहिलेल्या ज्वारीचा ठोक्यागणिक एकेक दाणा पाइपातून बाहेर उडायला लागला. सासूबाई मागं बसून दाणे वेचत होत्या. बायको मुद्दाम टेप घेऊन कोपऱ्याची रुंदी मोजायला लागली. माझा चेहरा अगदी पडला.

"चार अधोल्या बसल्या म्हणून एका अधोलीची जागा वाढवली," मी रडवेल्या आवाजात म्हणालो, "तरी असं."

"चार?" सासूबाईंनी वर बघितलं. "पाच घातल्या की मी."

"पण तुम्ही एक म्हणाला नाहीत."

"एक कसं म्हणावं? पयलं माप लाभाचं असतं. एक म्हणलं की बरकत जाते."

बायको टेप टाकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला हसू येत नव्हतं. सुतार बिडकीनला कामावर गेलेला, सासूबाईंची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळची.

"जागा एक अधोली जास्त झाली, व्हय ना?" सासूबाई म्हणाल्या. "मंग एक अधोली आत ठेवा. त्यात लई काय अवघड हाय?"

खरंच काही अवघड नव्हतं. स्पीकर काढला. ती मोजणीची बाटली ज्वारीनं गच्च भरली, घट्ट झाकण लावलं, भोकातून आत सरकवली आणि गडगडू नये म्हणून कापडाच्या बोळ्यांनी अडकवली. स्पीकर पुन्हा कसला. गाणं लावलं आणि ढोलकी ढोलकीसारखी वाजली, डाव्या हाताची खर्जातली थाप भरून घुमली. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, आधी आवाज कमी करा.

मी बायकोकडे बघितलं. ती बराच वेळ ऐकत होती.

"राहू दे कोपऱ्यात," ती म्हणाली. "आईची ज्वारी आहे त्यात."

मी आवाजाबद्दल विचारलं, तर म्हणाली, तोही बरा आहे. आता घरात पाहुणे आले की ती कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगते, ही आमची ज्वारीची कोठी, वाजते पण छान.