म्हशीने खाल्लेली सायकल

माझी सायकल म्हशीने खाल्ली. हे वाक्य मी आयुष्यभर सांगत आले आहे आणि दर वेळी ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या डोक्यावर परिणाम झाला की काय म्हणून तोंडाकडे बघतो. म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

मी एकोणीस वर्षांची होते. वडील लवकर गेले, त्यामुळे आई आणि मी काकांच्या घरी राहायचो, शेगावच्या अगदी कडेला. काका म्हणजे शेती, शिस्त आणि मिशा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. त्या सी. पी. अँड बेरारची व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, मी पास झाले होते. तीन कोसांवरच्या एका गावात मुलींचा वर्ग निघाला आणि मला मास्तरीण म्हणून बोलावणं आलं. चालत जायचं तर येऊन-जाऊन पाच तास. मी म्हटलं, सायकलने जाते.

"तू सायकलीवर बस," काका म्हणाले, "म्या लुगडं नेसून चुलीपाशी बसतो."

मी तीन दिवस अन्नाला शिवले नाही. खरं म्हणजे आई पदराआडून भाकरी आणून देत होती, पण काकांना ते ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी काका नमले, तेही अटी घालूनच. "चारचौघांत दांड्यावरून टांग टाकाची नाही. अन् दिवा लागाच्या आंधी घरात पायजे. एक दिवस चुकली, का सायकल भंगारात अन् नोकरी बंद."

नवी सायकल घेण्याची ऐपत नव्हती, आणि असती तरी दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत ती मिळाली नसती. आमच्या शेजारी एक चाचा राहत. जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी आठवडाभर भंगार पालथं घातलं आणि एक वाकडा सांगाडा आणला. मागचं चाक एका सायकलीचं, पुढचं दुसरीचं, आणि पुढचं चाक बोटभर मोठं. त्यामुळे बसलं की आपण सतत चढावर आहोत असं वाटायचं.

काकांच्या अटीपायी चाचांनी वरचा दांडा कापून खाली घेतला आणि पितळेने झाळला. सांगाडा लगेच खचायला लागला. मग त्यांनी कापसाच्या गाठी आवळायची लोखंडी पट्टी घेतली आणि त्याला आडवी-तिडवी ठोकून बसवली. सीट शिवली ती आमच्या विहिरीच्या जुन्या मोटेच्या चामड्याची. साखळीत लुगडं अडकू नये म्हणून रॉकेलच्या डब्याचं झाकण. घंटीच्या जागी बैलाच्या गळ्यातली घाटी. तयार झाल्यावर ती उचलायला दोन माणसं लागली. चाचा मागे सरून म्हणाले, "बेटी, इसको बैलगाडी भी धडकी तो बैलगाडीच मोडेगी."

फक्त ट्यूब नव्हत्या. "वो सब लढाई पे गये," चाचा म्हणाले. "टायर में चिंध्या भरते है."

इथे मी माझी अक्कल पाजळली. चिंध्या काय, कुजतील. आमच्याकडे सरकीचं पोतं भरलेलं होतं. मांजरपाटाची लांब पिशवी शिवायची, तिच्यात सरकी ठासायची आणि ती टायरमध्ये बसवायची. चाचांनी दाढी खाजवली, सरकी मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाले, "दिमाग है तेरे में." मी फुगले. कापसाच्या मुलखात जन्माला आलेल्या आम्हा दोघांनाही एक प्रश्न सुचला नाही, की ते पोतं घरात कोणासाठी आणलेलं असतं.

दोन महिने सायकल चालली. चालली म्हणजे हाडं खिळखिळी झाली, पण रोज दिवा लागायच्या आत मी दारात. काका ओट्यावर बसून वाट बघायचे. माझी नव्हे, मी चुकण्याची. माझ्या वजनाने सरकी चेचून तेल सुटायला लागलं होतं आणि मागच्या चाकाला असा खमंग वास यायचा की रस्त्यावरच्या बकऱ्या माझ्यामागे धावायच्या. मला वाटायचं, घाटीच्या नादाने येतात.

मग ज्या दिवशी डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार होते, नेमकं त्याच दिवशी सकाळी गोठ्यात गेले तर काकांची लाडकी म्हैस दावं तोडून सायकलीपाशी उभी. मागच्या टायरच्या चिंधड्या झालेल्या, मांजरपाट लोंबतंय आणि ती डोळे मिटून रवंथ करते आहे. आमच्या ताटातली भाजी आवडली नाही की आम्ही कुरकुरायचो, पण हिने कशालाही नाव ठेवलं नव्हतं.

काका आले, बघितलं आणि मिशीत हसले. "चाल, देवानंच निकाल लावला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काकांचा एक नियम सगळ्या आळीला पाठ होता: जनावराने दुसऱ्याचं खाल्लं की कोंडवाडा, मग ते कोणाचंही असो. खुद्द मेहुण्याचा बैल त्यांनी कोंडवाड्यात घातला होता. मी म्हशीच्या गळ्यात दोर अडकवला आणि ओढत नेली.

कोंडवाड्याचा मुन्शी नुकताच दात घासत होता. "कोणाच्या वावरात शिरली?"

"वावरात नाही."

"मंग काय खाल्लं?"

"सायकल. मागचं चाक."

तो बराच वेळ चूळ भरत राहिला. "बाई, इथं कपाशी, जवारी, तूर खाल्ल्याचा कायदा हाये. सायकलीचा नाही."

"सरकी होती तिच्यात. सरकी कपाशीचीच असते ना?"

एवढ्यात काका पोहोचले आणि त्यांच्यामागून अर्धी आळी. मेहुणा सगळ्यांत पुढे. मुन्शीने लेखणी उचलली. "म्हैस कोणाची?"

"माही," काका गुरगुरले.

"नुकसान कोणाचं लिवू?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

"लिव्हा," काका म्हणाले, "मास्तरीणबाईचं."

घरात मला पोरी, कार्टे, अवदसा अशी पुष्कळ नावं होती. हे नव्हतं.

दंड भरून म्हैस सुटली. काका घरी आले ते थेट अंबाडीचा दोर घेऊन बसले. दोर वळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ओला करून त्यांनी तो मागच्या चाकावर वेढे घेत असा आवळला की चाक दगडासारखं झालं. मी निघाले तेव्हा फक्त म्हणाले, "वाळला का ढिला पडते. थांबून आवळत येजो."

शाळा वेळेवर गाठली. डिप्टीसाहेबांनी मुलींचं वाचन ऐकलं, माझ्या सायकलीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि काही न विचारता शेरा चांगला दिला. परतीला मात्र दोर वाळला. दर फर्लांगाला उतरायचं, आवळायचं, पुन्हा बसायचं. मान वर केली तर सूर्य गेलेला. शेवटचा अर्धा कोस मी सायकल ढकलत रडत आले. आळीत शिरले तर प्रत्येक घरात दिवा दिसत होता.

आमच्या घरात नव्हता. उंबऱ्यात आई उभी, अंधारात. "तुह्या काकानं काडेपेटी कमरेले खोचून ठेवली," ती कुजबुजली. "कोणाले हात लावू देत नाही."

ओट्यावरून आवाज आला. "दिवा लागला काय या घरात?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग काऊन रडून राह्यली?" काकांनी काडेपेटी माझ्या हातावर ठेवली. "लाव आता."

पहिल्या दोन काड्या वाया गेल्या, आणि लढाईच्या त्या महागाईत काका त्यावरही काही बोलले नाहीत.