गाडी सुरू झाली का?

शेजारच्या जोशीवहिनी "तुमच्यासाठी फोन आहे" म्हणत आल्या, तेव्हा जुन्या सवयीने मला वाटलं, पुन्हा बस बंद पडली असणार. ह्यांचा उशिराचा निरोप नेहमी त्यांच्याकडेच यायचा. फोन ऑफिसातून होता... हे टेबलाशी बसल्या बसल्या गेले होते. आता दीड महिना होईल, तरी संध्याकाळी माझे कान वळणाकडेच असतात.

वर्तकनगरला राहायला आलो तेव्हापासून ह्यांना त्या जुन्या बसचं वेड. जागा ठरलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी, जिथे इंजिनाचं झाकण तापून पाय भाजायचे. धूर, घरघर, डिझेलचा वास, सगळं ह्यांना प्रिय. "नव्या गाड्यांना आवाजच नाही गं," अशी कुरकुर करायचे. त्यावर मी, "तेच बरं!" पण ऐकून ऐकून माझेही कान तयार झाले. वळणावर ती खोकली की मी चहा ठेवायचे. आवाज आला नाही, तर खिडकी सोडवत नसे.

त्याला कारण होतं. त्या बसचा सेल्फ-स्टार्टर कधीच गेलेला. बंद पडली की पुरुष मंडळींनी उतरून धक्का द्यायचा, हा त्या मार्गावरचा रिवाजच. रोजच्या प्रवाशाने बसून राहायचं म्हणजे नाक कापून घेणं. आणि ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. "काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी माझी शपथ घातली. हे हसले, पण कबूल झाले. तरीही रोज माझा जीव टांगणीला... आज बंद पडली असेल का, हे उतरले असतील का.

मग ती बस भंगारात काढायचं ठरलं. शेवटच्या फेरीला हे मुद्दाम रजा घेऊन गेले, लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी सारी दुपार आत-बाहेर करत होते. परतले ते चालत, कारण बस डेपोत गेली होती. चपला काढताना हात भिंतीला टेकला आणि फिकट रंगावर काळा पंजा उमटला.

"उतरलात ना? ढकललीत ना?"

"अगं, नुसता हात लावला."

मी इतकं बोलले, इतकं बोलले... हे आपले चहा पीत राहिले. डॉक्टर म्हणतात, मध्ये बरेच महिने गेले, त्या ढकलण्याचा ह्यांच्या जाण्याशी संबंध नाही. पटतं, आणि पटत नाही. मला राग येतो, अजून येतो.

गेल्या आठवड्यात त्या बसचे ड्रायव्हर बाळारामभाऊ भेटायला आले. खाडीकाठच्या गावचे. जे ह्यांना विचारायचं राहून गेलं, ते मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी गाडी सुरू झाली होती का हो?"

"झाली ना वैनी! सगल्यांनी लई ढकलली, पन काय सुरू होईना. साहेब आतच, खाली मान घालून बसलेले. मंग उतरले, खांदा लावला, न झाली चालू! काय हासत व्हते साहेब... पोरावानी."

नुसता हात म्हणे!

दिवाळीपूर्वी घराला रंग काढायचं मुलाच्या मनात आहे. दाराशेजारची तेवढी भिंत राहू दे, असं मी त्याला सांगितलंय. शपथ मोडली, त्याचा राग आहेच. पण गाडी सुरू झाली, ते बरं झालं.