साडभाऊंच्या कॉम्प्युटरमधली दोन कार्डं

आमच्या साडभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही काम सोप्या रस्त्याने केलं नाही, आणि अवघड रस्त्याने गेल्याचा त्यांना कधी पश्चात्तापही झाला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. राहायला राजुऱ्यात, नोकरी जवळच्या कोळसा खाणीत, मोजणीच्या खात्यात. मोजण्याची सवय घरापर्यंत आलेली. भिंतीला खिळा ठोकायचा म्हटलं की आधी टेप, मग पेन्सिल, मग विचार. विचार संपेपर्यंत मेहुणी कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवून मोकळी झालेली असायची. उन्हाळ्यात सगळा जिल्हा कूलरमध्ये बादलीने पाणी ओततो. साडभाऊंनी गच्चीवरच्या टाकीतून नळी आणून कूलरमध्ये पाणी आपोआप यावं अशी सोय केली. पाणी आपोआप आलं. ते थांबवायची सोय तेवढी राहून गेली होती. आम्ही जेवायला बसलेलो, आणि पाणी हळूहळू ताटांपर्यंत पोचलं. मेहुणीने त्यांच्याकडे पाहिलं, तर हे शांतपणे म्हणाले, "पाणी तं येऊन राह्यलं ना?"

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायला लागलं, तेव्हा त्यांच्या गल्लीत ते पहिल्यांदा आणलं साडभाऊंनीच. लोकांनी विचारलं, "भाऊ, याचं करता काय?" तर ते जगातल्या निरनिराळ्या शहरांचं आजचं तापमान वाचून दाखवायचे. आपल्यापेक्षा जास्त कुठे भरलं तर थोडे नाराज व्हायचे. त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटरही होता. चालू स्थितीतली वस्तू घराबाहेर काढायची नाही, या नियमाने तो पलंगाखाली पडून होता.

समोरच्या घरात खाला, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, राहायची. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं गादी-रजईचं दुकान. कापूस पिंजून झाला की दोघं ओट्यावर चहा घेत बसायची. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन आखातात गेलेली. तिथे तिचे दिवस भरत आले आणि इकडे तिचा नवरा, गल्लीचे चाचा, अचानक गेले. मुलीला डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. आणि खाला इद्दतीला बसली, म्हणजे नवरा गेल्यावर काही महिने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. पुढे मुलगी बाळंत झाली, मुलगा झाला. फोनवर रडण्याचा आवाज ऐकू येई, पण बाळ पाहायचं कसं? साडभाऊंच्या कॉम्प्युटरवर दिसलं असतं, पण मध्ये गल्ली होती आणि खाला ती ओलांडणार नव्हती.

"खाला येत नाई तं इंटरनेट तिच्याकडं जाईन," साडभाऊ म्हणाले.

त्यांनी पलंगाखालचा कॉम्प्युटर पुसून खालाकडे पाठवला आणि तो आपल्या कॉम्प्युटरला तारेने जोडायचं ठरवलं. तार ज्यात खुपसतात ते नेटवर्क कार्ड एका कॉम्प्युटरला एक पुरतं. साडभाऊंनी आपल्यात दुसरं बसवलं. एका कार्डातून इंटरनेट घरात येणार आणि दुसऱ्यातून ते समोर जाणार. चंद्रपूरच्या दुकानदाराने समजावून सांगितलं की याच्यासाठी लहानसा डबा मिळतो, तो लावला की काम झालं, तुमचा कॉम्प्युटर चालू ठेवायचीही गरज नाही. मीही तेच सांगितलं. साडभाऊ म्हणाले, "डब्बा बंद पडला तं मले कसं कळन? खाला मले सांगाले येऊ शकते का? माझ्या मशिनीतून गेलं तं मी पाहून राह्यलो ना." दुकानदाराने कार्डाची पावती फाडली.

दोन्ही कार्डं दिसायला सारखी. कोणती तार कुठली हे विसरू नये म्हणून त्यांनी मेहुणीच्या टिकल्या लावल्या, येणाऱ्या इंटरनेटला लाल, जाणाऱ्याला हिरवी. तरी काही चालेना. एक लावलं की दुसरं बंद. मी शनिवारी गेलो, तेव्हा कॉम्प्युटरचं झाकण उघडं, समोर टेबलफॅन, आणि साडभाऊ बनियनवर मांडी घालून बसलेले. रविवारी जेवता जेवता ते एकदम उठले. "अरे, दोघांले एकच नंबर पडला! दोन गल्ल्यांचा पत्ता एकच असन तं पोस्टमन कुठी जाईन?" हात न धुताच त्यांनी दुसऱ्या कार्डाचा नंबर बदलला. कळफलकावरचा वरणाचा डाग मेहुणीने पुढे पाहुण्यांना बरेच दिवस दाखवला.

मग खालाकडचा कॉम्प्युटर जुळवायचा होता आणि साडभाऊ आत जाऊ शकत नव्हते. ते गल्लीत उभे राहिले, मेहुणी आत.

"उजवं बटन दाब!"

"कोणाचं उजवं? माझं का उंदराचं?"

"एकच हाय वो ते! आता काय लिहून आलं?"

"इंग्रजीत हाय."

"मंग वाच ना."

"वाचून राह्यली, जी. तुमी ओरडू नका, सारी गल्ली गोळा झाली."

गल्ली खरोखरच गोळा झाली होती. कोणी तरी साडभाऊंना बसायला स्टूल आणून दिलं. मेहुणीने एकेक अक्षर वाचत सगळं केलं, आणि आतून एकदम बाळाच्या रडण्याचा आवाज आला. पाठोपाठ खालाचा.

"दिसला! दिसला वो, भाऊ! नाक पाहा, नाक त्याच्या नानाचंच हाय!"

नाना म्हणजे चाचाच. साडभाऊ स्टुलावरून उठले आणि आपल्या घरात जाऊन कॉम्प्युटरच्या मागे उभे राहिले. कार्डांवरचे दोन बारीक दिवे लुकलुकत होते. "चालून राह्यलं," ते मला म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी दुपारी मुलगी बोलायची, आणि तेवढा वेळ साडभाऊंचा कॉम्प्युटर चालू लागायचा. वीज जायची म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतला, पण त्यावर पंखा लावू दिला नाही. मे महिन्यात मी घामाने निथळत बसलेला असताना म्हणाले, "भाऊ, आज शुक्रवार हाय. तुमी ओट्यावर बसा, तिथी हवा लागते." मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडावरून नेलेली तार वानरांनी ओढून तोडली, तेव्हा ती त्यांनी पाइपात घातली. वानरांनी पाइपासकट ओढली. मग शुक्रवारी दुपारी ते काठी घेऊन झाडाखाली बसू लागले. आमच्या धाकट्या मेहुण्याचं लग्न नेमकं शुक्रवारी होतं. साडभाऊ संध्याकाळी वरातीत उगवले. घरातले पुढे वर्षभर त्यावरून बोलले. खालाचं बोलणं मात्र त्यांनी एकदाही पाहिलं-ऐकलं नाही. सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमधून जात होतं, आणि हे तिकडे पाठ करून बसायचे.

इद्दत संपली तरी तार तशीच राहिली. खालाचे गुडघे धरले, दुकान बंद झालं. नातू बोलायला लागला, तिला नानी म्हणून हाक मारायला लागला. शेवटी मुलगी येऊन तिला घेऊन गेली. निघताना खाला साडभाऊंना म्हणाली, "येतो जी, भाऊ." साडभाऊंनी तिच्या पिशव्या गाडीत नीट लावल्या, एवढंच. दुसरं कार्ड आता काढायला हरकत नव्हती. ते त्यांनी काढलं नाही.

पुढे एका शुक्रवारी मी राजुऱ्याला गेलो होतो आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर घंटी वाजली. साडभाऊ आधी उठून शर्ट घालून आले. पडद्यावर खाला होती, चेहरा भरलेला, शेजारी नातू.  तब्येतीचं झालं, मेहुणीचं विचारून झालं. मग खाला म्हणाली, "भाऊ, आपली गल्ली दाखवता का जी थोडीशी?"

कॅमेऱ्याची वायर खिडकीपर्यंत पुरेना. साडभाऊंनी मला खूण केली आणि आम्ही दोघांनी ते जड टेबल, चालू कॉम्प्युटरसकट, इंच इंच करत खिडकीशी सरकवलं. या वेळी त्यांनी टेप काढला नाही. समोर खालाचं घर, दाराला कुलूप, आणि ओट्यावर सावलीत एक बकरी रवंथ करत बसलेली. खाला खूप वेळ पाहत राहिली.

"ते बकरी कोणाची हाय जी?"

"कोणाची तं मालूम नाई, खाला. हाकलू का?"

"नाई, नाई," खाला म्हणाली. "बसू द्या तिले."