पाटलांची सही

मला शाळेतून कोणी काढलं नाही, मीच राजीनामा दिला, असं कागदोपत्री आहे. खरं असं, की दिपोटींनी, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी, हजेरीपट माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "राजीनामा लिहा, नाहीतर चौकशी लावतो." मी लिहिला. अक्षर मात्र सुरेख आलं.

गुन्हा खराच होता. खालापूर तालुक्यातल्या त्या डोंगराखालच्या गावात दिवाळी झाली की ठाकर जमातीची कुटुंबं पोराबाळांसकट कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जात. पट निम्म्यावर येई, आणि पट घसरला की शाळा बंद. पहिल्याच वर्षी पाटील माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, हजरी लावत जा. शाळा उठली तर परत यायची नाय. गाव हाय तुमच्या पाठीशी." मी लावत गेलो. पाच वर्षं ती पोरं भट्टीवर काळी होत होती आणि माझ्या पटावर शहाण्यासारखी हजर होती.

पाटील तोवर अंगठेबहाद्दर. शाळा सुटल्यावर ते दार लोटून घेऊन माझ्याकडे शिकायला बसत, गावानं पाहिलं तर लाज जाईल म्हणून. हात धरून मीच त्यांना सही शिकवली. खाली एक रेघ ओढायची आणि टोकाला दोन टिंबं द्यायची, ही ऐटही माझीच. "सायबासारखी दिसते की, मास्तर!" म्हणून ते लहान मुलासारखे हसले होते.

तक्रार कोणी केली ते दिपोटींनी सांगितलं नाही. मी मनातल्या मनात अर्ध्या गावाला शिव्या घातल्या, फक्त पाटलांना वगळून. इतका मी हुशार!

घरात आजारी आई, बायको आणि तळाला गेलेला तांदळाचा डबा. खोपोलीच्या गिरणीत नकार मिळाला, कर्जतच्या मालधक्क्यावर कोणी बसा म्हणालं नाही. शेवटी कर्जतचाच एक कोळशाचा ठेकेदार भेटला. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, प्रवासी मोटारी कोळशावर चालत, त्यामुळे त्याचा धंदा तेजीत होता. भट्ट्यांवर मजुरांची हजेरी घ्यायला त्याला माणूस हवा होता. "पण चांगली मास्तरकी का सोडलीत? गावच्या पाटलाचा वर्तणुकीचा दाखला आणा, मग बघू."

पाटलांनी दाखला लगेच दिला. मजकूर मी लिहिला, सही त्यांनी केली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "लई वाईट झालं, मास्तर. तुमच्यासारखा मानूस गावाला मिळायचा नाय." मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

तिथून मी नोकरीचा दाखला आणायला शाळाखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला माझी दया आली असावी. त्यानं तक्रारीचा कागद माझ्याकडे सरकवला. मजकूर कुणा अर्जनविसाच्या हातचा होता. खाली सही होती, तिच्याखाली रेघ आणि टोकाला दोन टिंबं.

"तुमच्या जागेवर त्यांच्या जावयाची नेमणूक झाली," कारकून म्हणाला. "यंदाच सातवीची फायनल पास झालाय, मास्तरकीला तेवढी पुरते."

मी कचेरीच्या पायरीवर येऊन बसलो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. नोकरी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, तिथे रडलो, रस्त्यावरची माणसं बघत असताना. खिशातला पाटलांचा दाखला फाडायला काढला. डब्याची आठवण झाली आणि परत घडी घालून ठेवला.

ठेकेदारानं मजकूर वाचलाच नाही, नुसती सही बघितली. "पाटील शिकलेले दिसतात. तुम्हाला मानतात वाटतं?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर हजेरीची वही उघडली. समोर ठाकरांची तीच पोरं आईबापांबरोबर लाकडं ओढत होती. मला पाहून एकदोघं सवयीनं उभी राहिली. मी नावं विचारली नाहीत, मला पाठ होती. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांची खरी हजेरी लावली.