जाणारी बाई

लग्नानंतर मी साताऱ्याहून बोईसरला आले. आमचे हे तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर होते. दोन खोल्या, समोर मातीचा रस्ता, आणि दिवसभर घरात मी एकटी. साताऱ्यात शिक्षिका व्हायच्या वर्गाला माझी जागा पक्की झाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. ह्यांना विचारलं की हे "बघू" म्हणत. चिडत नसत, नाहीही म्हणत नसत. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या "बघू"मध्ये माझा जीव गुदमरायचा.

मे महिन्यात पालघरचा मुक्काम आटोपून सिनेमाचा तंबू बोईसरला आला. बाजारात मासळी विकणाऱ्या कोळीणमावशी आमच्या शेजारी राहत. त्यांनी मला ओढूनच नेलं. बायकांच्या बाजूला आम्ही चटईवर बसलो. चित्रपटात एक बाई, तिचा नवरा आणि त्यांचं घर. मारझोड नाही, छळणारी सासू नाही, तरी तिला ते घर सोडून जायचं असतं. ती तांदूळ निवडत बसलेली असते, नवरा तिच्या जाण्याचा विषय हसत हसत दुसरीकडे नेतो, आणि तिची बोटं तेवढी थांबतात. असा अभिनय मी पुन्हा पाहिला नाही. मला एकच कळून घ्यायचं होतं, ही सुटते कशी.

शेवटी ती पिशवी घेऊन दारात येते, "येते" म्हणते, आणि पडद्यावर "समाप्त". सगळं मुसळ केरात! लिहिणाऱ्याला शेवट सुचला नव्हता आणि त्यानं तो त्या गुणी नटीच्या गळ्यात मारला होता. मला भयंकर राग आला. मागे हिंदी बोलणारे कामगार हुज्जत घालत होते, की बाई 'आती हूँ' म्हणाली, मग आली कुठे?

परतताना मी मावशींना म्हणाले, ती गेलीच असणार. निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून 'येते' म्हणाली, एवढंच.

"नाय गं बाय," मावशी म्हणाल्या. "जी जानार ती काय बोलतच नाय. येते बोलली, म्हंजे येनार."

जूनच्या सुरुवातीला मी ट्रंक भरली. माहेरी जातेय म्हटल्यावर ह्यांनी अडवलं नाही. निघताना 'जाते' असंच म्हणायचं, हे मी मनात घोकून ठेवलं होतं. दारात जीभ अडखळली आणि तोंडून निघालं, "येते."

"ये," हे दाढी करता करता म्हणाले. "पुढच्या रविवारी स्टेशनवर घ्यायला येतो."

साताऱ्यात मी आईला सांगितलं, मला इथे राहून शिकायचंय, परत जायचं नाही. तिनं एवढंच विचारलं, निघताना काय म्हणालीस? मी सांगितलं.

"मग शनिवारची गाडी धर," ती म्हणाली.

मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. पण शब्द माझाच होता, आणि तो मोडायला घरात कुणीच माझ्या बाजूचं नव्हतं.

रविवारी बोईसरच्या फलाटावर हे वेळेवर उभे होते. माझ्या हातातली ट्रंक घेतली, "आलीस," म्हणाले, आणि पुढे चालू लागले.