तपासणीच्या दिवशी चाललेली लिफ्ट

अंगणात शेंगा वाळत घालत होतो, तेव्हा फोन आला. आक्काच्या समोरच्या दारातले बागवानचाचा होते. "पावणं, आक्कास्नी छातीत दुखाय लागलंय. चादरीत घालून खाली आणलंय आम्ही. पर ॲम्ब्युलन्स आत येईना... तुम्ही या." गावाहून, कोडोलीहून शहरात राजारामपुरीत पोचेपर्यंत आक्का गेली होती. चौथ्या मजल्यावरून चौघांनी तिला चादरीच्या झोळीतून उतरवलं होतं, कारण लिफ्ट बंद. मग तशीच पार रस्त्यापर्यंत नेली, कारण इमारतीच्या कडेच्या ज्या मोकळ्या जागेतून गाडी आत यायची, तिथं मोबाइलच्या दुकानाची पायरी आणि ज्यूसवाल्याचा फ्रीज. डॉक्टर म्हणाले, लवकर पोचल्या असत्या तरी फार फरक पडला नसता. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतोय... अजून जमलेलं नाही.

आक्का, म्हणजे मालन, ही माझी थोरली बहीण. आयुष्यभर नर्स, त्यातली बरीच वर्षं जळीत वॉर्डात. भाऊजी लवकर गेले, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, आणि निवृत्तीनंतर आक्कानं हा फ्लॅट घेतला. इमारत मंजूर नकाशाप्रमाणं बांधली का, हे बघून सरकारी कार्यालयानं भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं आणि मगच माणसांनी राहायला जायचं, असा नियम. बिल्डरनं किल्ल्या आधीच वाटल्या. प्रमाणपत्राचं विचारलं की म्हणायचा, "येतंय की ओ, कुठं पळतंय?" वर्षं गेली. पाणी टँकरचं, लिफ्टच्या दाराला कुलूप, आग विझवायची सोय कुठंच नाही, आणि नकाशात जिथं पार्किंग, तिथं दुकानांचे गाळे. आक्का दर थोड्या दिवसांनी त्या कार्यालयात जाऊन बसायची. मी एकदा म्हणालो, "कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" ती म्हणाली, "जळालेल्या माणसाचा वास तू घेतलेला न्हाईस. घरी जाऊन केस धुतलं तरी जात न्हाय त्यो."

अखेर तपासणीचा दिवस ठरला. योगायोगानं मी गूळ घेऊन आदल्या दिवशीच तिच्याकडं आलो होतो. सकाळी उठून बघतो तर खाली लगीनघाई. टेम्पोतून आग विझवायचे लाल सिलिंडर उतरत होते, कुंड्या येत होत्या. गाळ्यांतला माल हलवून, शटरं वर करून आत गाड्या लावल्या... झालं पार्किंग! जनरेटर आणून लिफ्ट सुरू केली, तिला झेंडूची माळसुद्धा घातली. साहेब आले, चहा प्याले, लिफ्टनं वर जाऊन खाली आले. तेवढ्यात आक्का जिन्यानं उतरली आणि एक सिलिंडर दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढं उभी राहिली. त्यावर पांढऱ्या रंगात भलत्याच इमारतीचं नाव होतं.

"साहेब, ही सगळी भाड्यानं आणल्याली हाईत. टेम्पो बाहेर थांबलाय बघा. संध्याकाळी काय बी ऱ्हाणार न्हाय हितं."

साहेबांनी रुमालानं ओठ पुसले. "बाई, आम्ही आत्ता जे आहे ते बघतो. संध्याकाळचं आमच्याकडं नसतं."

बिल्डर हसला, त्याचं मला काही वाटलं नाही. हसले ते रहिवासी. दुसऱ्या मजल्यावरचे पाटील तर ओरडले, "आक्का, गप बसा की! इतक्या वर्षानं घास तोंडाशी आलाय, त्यात माती कालवू नका." एका प्राध्यापकांनी तिच्या हातातून सिलिंडर काढून घेतला आणि परत भिंतीशी ठेवला, लेबल भिंतीकडं करून. ह्याच माणसाची नात त्याच इमारतीत झोपते.

प्रमाणपत्र मिळालं. दारोदार पेढे वाटले. लिफ्ट त्याच संध्याकाळी बंद झाली, सिलिंडर गेले, गाळ्यांत माल परत आला. आक्कानं पेढा घेतला नाही, तर तिला व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढलं. जिन्यात भेटली तर माणसं मोबाइल बघायची. बोलायचे फक्त बागवानचाचा आणि चाची. तरी ती कार्यालयात जातच राहिली. लिफ्ट बंद आहे म्हणाली की तिथला कारकून सांगायचा, "प्रमाणपत्र दिलंय म्हणजे लिफ्ट चालू आहे, ताई." हे सांगताना आक्का आधी हसायची... नंतर हसेनाशी झाली.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. आक्काचा फोटो पाकिटाएवढा, आणि शेजारी हात जोडलेला बिल्डर, तिच्या दुप्पट. खाली रहिवाशांची नावं, पाटलांचं आणि प्राध्यापकांचंही. आणि बांधला कुठं, तर त्या मोबाइलच्या दुकानाच्या वर. मी स्टूल मागून घेतलं आणि सगळ्यांदेखत तो फाडला. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी काही वाटतंय असं दिसलं असतं. रडू आलं नाही मला. नुसती शिसारी आली. ती काही उतरत नाही.

गेल्या आठवड्यात भाचीबरोबर फ्लॅट आवरायला गेलो. जिना चढताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकची खुर्ची दिसली, कठड्याला सुतळीनं बांधलेली. भाची म्हणाली, "आईनं ठेवली होती, दम खायला." खुर्चीत प्राध्यापकांची बायको बसली होती, पायाशी भाजीची पिशवी. मला बघून ती गडबडीनं उठली, "तुम्ही बसा," म्हणाली आणि मान खाली घालून वर गेली. मी बसलो नाही. ही खुर्ची ह्या लोकांसाठी इथं एक दिवससुद्धा ठेवायची नाही, असं मनात आलं. वाकून सुतळी सोडायला लागलो. गाठ नर्सच्या हातची, पक्की. निम्मी सुटली तेवढ्यात खालून कुणाची तरी धाप ऐकू आली. एक पायरी... थांबणं... परत एक पायरी. कोण होतं, ते वाकून बघितलं नाही. गाठ पुन्हा आवळली आणि वर गेलो.