राजीनामा मंजूर है!

मी आयुष्यात पाच राजीनामे दिले. त्यांतले चार मंजूर झाले आणि एकामुळे मला बढती मिळाली.

पहिल्या तीन राजीनाम्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्यातल्या शाळेने 'ढ' मुलांची वेगळी तुकडी काढली, मी बाहेर पडले. लग्न होऊन दिल्लीला आले आणि पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाकडे लागले. तिथे प्रत्येक चित्रात आई पोळ्याच लाटत होती. मी म्हटलं, एका चित्रात तरी तिला पेपर वाचू द्या. ते म्हणाले, "फिर रोटी कौन बनाएगा?" सोडलं! मग रेडिओसाठी मुलांच्या श्रुतिका लिहिल्या. तिथे साबणवाल्या जाहिरातदाराला प्रत्येक गोष्टीत राजपुत्राची आंघोळ हवी होती. (एका गोष्टीत त्याने तीनदा केली. चौथ्यांदा मीच उठले.)

या सगळ्याला मी 'मूल्यांची वाटचाल' म्हणते. आमचे हे त्याला 'हिची फिरती' म्हणतात. हे केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांच्या ऑफिसातून माणूस निवृत्त होतो किंवा वारतो. तिसरी वाट तिथे कुणी पाहिलेली नाही.

नव्वदीच्या दशकात आम्ही करोल बागेतली भाड्याची जागा सोडून नोएडात फ्लॅट घेतला. सेक्टरला आकडा मिळाला होता, रस्ता मिळायचा होता. म्हशी मात्र आधीपासून राहायला होत्या. रोज एक नवी शाळा उघडायची आणि प्रत्येकीच्या नावात 'इंटरनॅशनल' असायचं. त्यातल्याच एकीत मी इंग्रजी शिकवू लागले. आमची सई तिथेच सातवीत होती.

शाळेचे मालक चड्ढाजी. पूर्वी करोल बागेत मोटारींचे सुटे भाग विकायचे. शाळाही तशीच चालवायचे. पालकांनी मागितलेला पार्ट काउंटरवर हजर!

एके दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"पेंडसे मैडम, पेरेंट्स को नंबर चाहिए. आप सौ निबंध लिख दीजिए, बच्चे रट लेंगे. किताब का नाम सोच लिया है, 'रटो और बढ़ो'! कव्हर पे आपका नाम, आपका फोटो!"

रटो! म्हणजे घोका! मी जागच्या जागी गार. मुलांच्या एका मासिकात माझं सदर चालायचं आणि त्याचं नावच मुळी 'आपल्या मनाने लिहा'. त्या नावाखाली मी वर्षानुवर्षं मुलांना बजावत आले होते की चुकलं तरी चालेल, पण स्वतःचं लिहा. आता माझंच नाव घोकंपट्टीच्या पुस्तकावर? फोटोसकट?

घरी येऊन जेवताना मी पुस्तकाची हकिकत सांगितली आणि जाहीर केलं, "मी राजीनामा देतेय."

"अच्छा," हे म्हणाले आणि वरण ओढून घेतलं. सवय.

सई मात्र ताडकन उठली. "आई, सीरियसली? राजीनामा?"

"बिल्कुल!"

"पण तुला तर ते बुक चुकीचं वाटतं ना?"

"चुकीचं वाटतं म्हणूनच तर!"

"आणि तुझी तत्त्वं?"

"तत्त्वांसाठीच देतेय, सोन्या!"

"यार आई, तुझं काही कळत नाही!" ती ताट सरकवून खोलीत गेली. दार आपटलं. मला गहिवरून आलं. आईची नोकरी जाणार म्हणून लेकीच्या घशाखाली घास उतरत नाही!

पत्र मी मुद्दाम हिंदीत लिहिलं. इंग्रजी राजीनामा म्हणजे नुसता कागद. समोरच्याच्या भाषेत दिला तर वर्मी लागतो. ह्यांनी विचारलं, "सईला एकदा दाखवतेस का? तिची हिंदी चांगली आहे."

"दोन पिढ्यांना लिहायला शिकवलंय मी!" मी म्हटलं. (हे वाक्य आजही आमच्या घरात कुणी भाजीत मीठ विसरलं की उच्चारलं जातं.)

पत्र छोटं आणि बाणेदार होतं. 'महोदय, कल आपने किताब का जो प्रस्ताव रखा, उस पर मैंने पूरी रात विचार किया. मैं इस पत्र द्वारा अपना राजीनामा दे रही हूँ. कृपया स्वीकार करें.'

ह्यांनी दोनदा वाचलं. "वा! काय कणखर आहे!"

ते पत्र मी चड्ढाजींच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हटलं, लागलं वर्मी!

"मैडम," ते हात जोडून म्हणाले, "मुझे आपसे यही उम्मीद थी."

मी हबकले. इतक्या मोठ्या मनाचा माणूस? त्यांनी मला काजूकतली दिली. मी डोळे टिपत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर माइकवर माझं नाव पुकारलं. निरोप समारंभ! मी पदर सावरून मंचावर गेले. चड्ढाजींनी गळ्यात झेंडूचा हार घातला आणि गरजले, "बच्चो, आज से पेंडसे मैडम हमारी एकेडमिक डायरेक्टर!"

टाळ्या! बँड! आणि शिपायाने कापड ओढलं, तर मागे पलंगाएवढं मुखपृष्ठ. 'रटो और बढ़ो'. खाली मी! फोटो ओळखपत्रावरचा, ज्यात मी नुकतंच अपहरण झाल्यासारखी दिसते.

मी तोंड उघडलं. पण बँडपुढे ऐकतंय कोण! सातवीच्या रांगेत सई बुटांकडे बघत उभी होती.

मंचावरून उतरताच मी तिला जिन्यापाशी गाठलं. "सई, हे काय चाललंय? मी राजीनामा दिला होता गं!"

"तेच तर! का दिलास?" तिचे डोळे डबडबले होते. "माझ्या फ्रेंड्सना मी सांगितलं होतं, माझी आई कधीच नाही लिहिणार असलं. आणि तू लिहून दिलंस, राजी आहे म्हणून!"

"राजी?"

"राजीनामा! म्हणजे तू राजी आहेस. ॲग्री केलंस. समझौता!"

"अगं, राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं!"

"आई, नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा! त्यागपत्र! कोण म्हणतं राजीनामा?"

कोण म्हणतं? अख्खा महाराष्ट्र म्हणतो! पण नोएडात उभी राहून हे कुणाला सांगणार? मी भिंतीला टेकले. हाराच्या झेंडूतून एक मुंगी मानेवर चढत होती, तिलाही हटवायचं सुचेना. म्हणजे दोन दिवस पोरगी नोकरीपायी उपाशी नव्हती. तिच्या लेखी तिची आई विकली गेली होती!

"चल," मी म्हटलं. "वही काढ."

पायरीवर बसून सईने सांगितलं आणि मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. चार ओळींत तिने माझ्या सहा चुका सुधारल्या. मग मी हारासकट चड्ढाजींच्या केबिनमध्ये शिरले.

त्यांनी वाचलं. आता पांढरं पडायची पाळी त्यांची होती. "पर मैडम, राजीनामा तो आप दे चुकी हैं!"

"वह मराठी में दिया था. यह हिंदी में है."

"कव्हर छप गया है!"

"फोटो के ऊपर किसी और को चिपका दीजिए."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "लेकिन भाषा क्या लिखी है! वाह!" आणि खाली सही केली.

त्या संध्याकाळी सई तीन पोळ्या जेवली. माझं नाव वाचलं होतं. मी फुशारकीने चार जेवले.

काही महिन्यांनी 'रटो और बढ़ो' निघालंच, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने. मला काय त्याचं! पण एकदा दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर शेजारची चौथीतली पिंकी डोलत डोलत घोकत होती, "मेरी अंतरात्मा मुझे इसकी अनुमति नहीं देती... मेरी अंतरात्मा मुझे..."

माझ्या हातून चिमटा पडला. हे तर माझं पत्र!

"पिंकी, यह क्या पढ़ रही हो?"

"आंटी, पत्र-लेखन. पहला वाला. 'त्यागपत्र का नमूना.' एग्ज़ाम में पक्का आएगा!"

माझ्यातली शिक्षिका, लेखिका आणि सदरलेखिका एकदमच कठड्यावरून वाकल्या. "रटो मत, बेटा! अपने मन से लिखो!"

पिंकीने डोलणं थांबवलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"पर आंटी, सई दीदी तो कह रही थी, आपने भी उससे पूछ-पूछकर लिखा था!"